तिसरी तार

सोनकांबळे साहेब पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेरच्या खोलीत आले, तर खुर्ची रिकामी. साहेब आमच्या फ्रिजच्या मागे वाकून बसले होते आणि आमचे हे त्यांच्यापाशी अवघडून उभे होते. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "तिसरी तार कुठं हाय?"

"कसली तिसरी तार?" मी म्हटलं. "दोन तारांवर चांगला चालतो की फ्रिज."

"चालतो ना बाई. दोन तारा चालवायला लागत्यात. तिसरी माणूस जितं ठेवायला लागती."

मग त्यांनी हात उलटा केला आणि बोटांची मागची बाजू फ्रिजच्या दाराला हळूच, निखाऱ्याला लावावी तशी लावली. काही झालं नाही तेव्हा कुठे श्वास सोडला, खुर्चीत येऊन बसले आणि पाणी प्यायले. तो फ्रिज मी दिवसातून पन्नासदा उघडत होते. त्या दिवसापासून मी त्याच्या मुठीला फडकं गुंडाळून ठेवलं. आमचे हे हसले, पण फडकं त्यांनीही काढलं नाही.

तेव्हा लातूर जिल्हा नवाच झाला होता. भाड्याच्या घरांवर सरकारी पाट्या चढत होत्या आणि त्यांचा रंग वाळायच्या आत साहेबलोक बदलून येत होते. आमची कॉलनीही तशीच, अर्धी बांधलेली आणि अर्धी मुरमाच्या ढिगात. सोनकांबळे नांदेडहून हिशेबाच्या खात्यात आले आणि आमच्या समोरच्या घरात राहिले. मूळ गाव चाकूरजवळचं. त्यांची बायको सुनंदा माझ्याच शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली, त्यामुळे दोन्ही घरांची ये-जा लगेच सुरू झाली. साहेब उंच, काटकुळे, केसांना चपचपीत तेल, आवाज मऊ. कचेरीत म्हणे त्यांच्या लाल शाईला मोठमोठे अधिकारी वचकून असत. घरी मात्र हा माणूस बटण दाबताना डोळे मिटायचा.

आणि अशा माणसाला नाद कसला असावा, तर हाय-फायचा! एक अख्खी खोली त्यांनी त्याला दिली होती. रेकॉर्ड प्लेअर, त्याच्या शेजारी जड लोखंडी पेटीचा अॅम्प्लिफायर, आणि दोन कोपऱ्यांत सुताराकडून करून घेतलेले छातीएवढे स्पीकर. सगळ्या जगात चपला बाहेर काढून घरात जातात. या खोलीत जाताना पायात रबरी स्लीपर घालाव्या लागत. दाराशी सगळ्या मापांचे जोड मांडलेले असायचे. पाहुण्यांनी अशा पायांनी बुद्धमूर्तीपुढे जाऊ नये म्हणून मूर्ती त्यांनी आतल्या खोलीत नेली होती. एकदा माझ्या सासूबाई अनवाणी आत शिरल्या, तर साहेबांनी चालू रेकॉर्ड बंद केली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या पायांत स्लीपर चढवल्या. सासूबाई जुन्या वळणाच्या. इतका मोठा साहेब पाया पडतोय असं समजून त्यांनी घाईघाईने आशीर्वाद देऊन टाकला.

रेकॉर्ड लावायचे त्या सनईच्या, नाहीतर कव्वालीच्या. आवाज असा यायचा की सनईवाला पडद्यामागे बसलाय असं वाटावं. आम्ही डोळे मिटून माना डोलवायचो. साहेब एकटे डोळे उघडे ठेवून भिंतीपाशी उभे. एक हात बटणापाशी, नजर तारेवर, आणि मधूनमधून नाक वर करून हवा हुंगायचे. रबर जळल्याचा वास येतोय का, ते बघत असायचे.

"भेत्यात बी आन् सोडत बी न्हाईत," सुनंदा म्हणायची. "माझ्यापेक्षा त्या पेटीला जास्त भेत्यात, हे तरी बरं हाय."

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं एका लग्नाला नांदेडला गेलो होतो. परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, पाच मिनिटं थांबा, एक वायर घ्यायची हाय. अॅम्प्लिफायरची जुनी वायर कडक होत चालली होती. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो ते बसलोच. साहेबांनी दुकानातली झाडून सगळी भेंडोळी खाली काढायला लावली. प्रत्येकाचा तुकडा घ्यायचे, ब्लेडने सोलायचे, आतल्या तिन्ही तारा वेगळ्या करायचे, तांब्याचे केस उजेडात धरून बघायचे. मग तुकडा कानापाशी नेऊन वाकवायचे, रबर तडकतंय का ते ऐकायचे. शेवटी काडी पेटवून टोक जाळायचे आणि विझतंय की पेटत जातंय ते बघायचे. दुकानदार आधी साहेब-साहेब करत होता, मग गप्प झाला, मग वैतागला.

"साहेब, वायर घेऊन राहिले का सून पसंत करून राहिले?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. "सून नापसंत पडली तर माणूस मरत न्हाई, मालक," ते म्हणाले आणि पुढचं भेंडोळं उचललं. अखेर घेतली ती काळ्या रबराची, जाडसर, अगदी साधी दिसणारी. अंगाला लागली तर शाईचा डाग पडावा अशी.

बसमध्ये ते भेंडोळं मांडीवर घेऊन झोपून गेले. तेव्हा सुनंदानं मला खिडकीशी ओढून हळूच सांगितलं. साहेब लहान असताना त्यांच्या गावात वीज आली. आधी गावात आली, आणि मग पुष्कळ दिवसांनी यांच्या वस्तीत. वस्तीला आली ती गावात उरलेल्या तारांचे तुकडे जोडून. असाच एक जोड कुडाच्या भिंतीवरून जाताना, धुणं वाळत घालायच्या तारेला लागून होता. थोरली बहीण ओलं लुगडं वाळत घालायला गेली आणि तिनं तार मुठीत धरली. "मूठ उघडंना," सुनंदा म्हणाली. "करंटानं मूठ आवळती. ह्यांनी समोर बसून बघितलं. म्हणून हे उलट्या हातानं हात लावत्यात. उलटा हात झटकला जातो, धरून न्हाई बसत." त्या दिवसानंतर मी त्यांची चेष्टा करणं सोडलं असं म्हणता येणार नाही, पण जरा दबकून करू लागले.

या तिसऱ्या तारेसाठी साहेबांनी सगळ्या कॉलनीच्या मागे भुंगा लावला होता. तिसरी तार म्हणजे अर्थिंग. पेटीच्या लोखंडात चुकून करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता या तारेतून जमिनीत जावा, एवढं तिचं काम. त्यासाठी घराच्या मागे खड्डा खणून त्यात कोळसा, मीठ आणि लोखंडी नळी पुरायची, आणि वरून अधूनमधून पाणी घालायचं, कारण सुकलेली जमीन करंट पीत नाही. साहेबांनी रविवारचे रविवार घालवून घराघरांतून असे खड्डे करवून घेतले. कुणी कंटाळून, कुणी भिडेखातर, कुणी खरंच घाबरून ऐकलं. आमच्याही परसात एक झाला.

ऐकलं नाही ते शेजारच्या शिंदे साहेबांनी. ते बँकेत होते. अर्धापूरचे, घरची केळीची बाग, माणूस दिलदार आणि तेवढाच हट्टी. सोनकांबळ्यांचा सेट ऐकून त्यांनी हैदराबादेहून त्याच्या दुप्पट मोठा सेट आणला. त्याबरोबर सेटला वीज देणारी एक वायर आणली, मिलिटरीच्या भंगारातली. बाहेरून चांदीसारखी लखलखीत धातूची जाळी विणलेली. तिच्यामुळे आवाजात गोडी येते म्हणे. शिंद्यांनी सगळ्यांना बोलावून एकच रेकॉर्ड आधी साध्या वायरीवर आणि मग जाळीच्या वायरीवर लावून दाखवली. "कळला फरक?" त्यांनी विचारलं. हातात त्यांच्याच बागेतली केळी होती, त्यामुळे सगळ्यांना फरक कळला.

सोनकांबळे केळ न सोलता तसंच धरून बसले होते. "मला कानाचं लई कळत न्हाई, शिंदे साहेब," ते म्हणाले. "रबर फाटलं तर डोळ्याला दिसतंय. ह्या जाळीच्या आत फाटलं तर कुणाला दिसणार?"

"तुम्ही लई भेता बगा!"

"भेतो," साहेब म्हणाले.

मग पावसानं दगा दिला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. विहिरींचे तळ दिसू लागले. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, कधी त्याहून उशिरा, आणि इतक्या कमी दाबानं की वरच्या तोटीपर्यंत चढायचंच नाही. म्हणून आमच्या गल्लीनं शिंद्यांच्या फाटकासमोर, जिथे उतार होता तिथे, कमरेएवढा खड्डा खणून जमिनीतला पाइपच उघडा केला. त्याच्या तोंडाशी घागर लावायची. खाली सगळा चिखल. बायका अनवाणी उतरायच्या आणि तोल सांभाळायला त्याच पाइपाला धरायच्या.

त्याच उन्हाळ्यात साहेबांचा अर्थिंगचा खड्डा सुकला. अॅम्प्लिफायरला बोटं लावली की बारीक झिणझिणी येऊ लागली. त्यांनी सनई बंद केली, पण फ्रिज आणि दिवे तर होतेच. म्हणून ते आंघोळीचं, भांड्यांचं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून खड्ड्यात ओतू लागले. गल्लीतल्या बायकांनी ते पाहिलं आणि त्यांची तोंडं सुटली. "माणसाला प्यायला न्हाई आन् हा मातीला पाजून राहिला!" हे बोलणाऱ्यांत मीही होते. आमच्या खड्ड्यात आम्ही महिनोन्महिने थेंब घातला नव्हता. सुनंदा शाळेत मान खाली घालून बसायची.

एका संध्याकाळी शिंद्यांनी सोनकांबळ्यांना मोठ्या उत्साहानं हाक मारली. आम्हीही गेलो. "या, या. आता तुमचं समाधान होतंय बगा." त्यांच्या सेटमधून मध्ये काही दिवस घूं असा आवाज येत होता. मेकॅनिकनं तो घालवला होता. कसा, तर तिसरी तार लावून.

सोनकांबळ्यांचा चेहरा उजळला. पेटीला त्यांनी उलटी बोटं लावली. काही नाही. "खड्डा कधी खणला?" त्यांनी विचारलं.

"खड्डा कशाला? सुकल्या जमिनीत काय ठेवलंय? मेकॅनिक हुशार हाय. चला, दाखवतो."

ती तिसरी, हिरवी तार भिंतीवरून खिडकीतून बाहेर गेली होती, फाटकाजवळून जमिनीत, आणि तिथे ती नळाच्या पाइपाला घट्ट पिळून बांधलेली होती. त्याच पाइपाचं तोंड पुढे खड्ड्यात उघडं होतं. सोनकांबळे उभ्या जागी खाली बसले. मी माणसाचा चेहरा असा पांढरा झालेला त्याआधी पाहिला नव्हता.

"शिंदे साहेब, ही आत्ता काढा. तुमच्या पेटीत करंट उतरला तर तो ह्या पाइपात येणार. बाया तिथं ओल्यात उभ्या राहत्यात."

"मग फ्यूज जाईल की!"

"न्हाई जाणार. जमीन कोरडीठाक हाय. पाइप करंटानं नुसता भरून राहील."

शिंद्यांचा चेहरा उतरला. इतक्या जणांसमोर ऐकावं लागलं म्हणून असेल, ते चिडले. "तिसरी तार लावा, तिसरी तार लावा म्हणून तुम्हीच समद्यांच्या मागं लागलाव ना? आता लावली तर हे! आन् मी एकट्यानं न्हाई लावली. निम्म्या कॉलनीनं मेकॅनिककडून अशीच बांधून घेतलीय. माझ्या घराच्या वायरीला कुणी हात लावायचा न्हाई."

हे खरं होतं. खड्डे सुकले तशी लोकांना साहेबांचीच भीती आठवली होती आणि त्यांनी सोपा उपाय केला होता. साहेब त्याच पावली घराघरांतून फिरू लागले. हात जोडायचे. "ती तार काढा. मीच बोललो होतो, पर अशी न्हाई." काहींनी काढली. काही म्हणाले, आज एक सांगता, उद्या एक सांगता, तुमचा काय भरवसा? काही दारच उघडेनात. आमच्याकडे आले तेव्हा आमच्या ह्यांनी तोंड चुकवलं, कारण आमचीही तार पाइपालाच होती. ती साहेबांनी स्वतः सोडवली आणि गुंडाळून कोपऱ्यात ठेवली.

त्या दिवसांत त्यांचं जेवण तुटलं. पाणी केव्हा सुटेल याचा नेम नव्हता, म्हणून कचेरीत रजा टाकून ते खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसू लागले. कचेरीतले लोक येता-जाता विचारायचे, साहेब, नळाचा हिशेब तपासून राहिले का? सुनंदा मला म्हणाली, "झोपेत मूठ आवळत्यात. मी बोटं उघडून ठिवते." मलाही आता त्या पाइपाची भीती वाटू लागली होती. पण पाणी तर भरावं लागणारच होतं.

मी साहेबांना शेवटचं पाहिलं ते पाणी सुटलं त्या संध्याकाळी. दुसऱ्याच दिवशी मी मुलांना घेऊन धर्माबादला माहेरी गेले, आणि शाळा उघडायच्या वेळी परत आले तेव्हा त्यांची नांदेडला बदली झालेली होती. समोरच्या घराला कुलूप होतं.

त्या संध्याकाळी साहेब नेमके चहाला म्हणून घरात गेलेले. "नळ आला!" अशी आरोळी उठली आणि घागरी घेऊन आम्ही सगळ्या धावलो. शिंद्यांच्या घरात गाणं चालू होतं. शिंदेवहिनी सगळ्यांत पुढे. पाइपाच्या तोंडातून आधी फुस्स हवा, मग गढूळ धार. वहिनींनी साडी खोचली, एक पाय खड्ड्यात टाकला आणि पाइपाकडे हात नेला. तेवढ्यात साहेब एका पायात स्लीपर, एक पाय उघडा, असे धावत आले आणि त्यांनी वहिनींना दंडाला धरून मागे फेकलं. वहिनी मुरमावर पडल्या. "बाईला ढकलतो?" असं कुणीतरी ओरडलं, आणि त्याच क्षणी साहेबांनी वाकून पाइपाला उलटी बोटं लावली.

ते उडून मागे पडले. आवाज असा काही झालाच नाही. फक्त त्यांचा हात खांद्यापासून फेकला गेला आणि ते माझ्या पायांशी येऊन आदळले. सुनंदा किंचाळली नाही. ती सरळ शिंद्यांच्या व्हरांड्यात गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. गाणं तुटलं. शिंदे बाहेर आले, बायको जमिनीवर बसलेली पाहिली, सोनकांबळ्यांना पाहिलं, आणि पाइपावरची हिरवी तार स्वतः उपटून काढली. मागाहून कळलं की चांदीची ती वायर लोखंडी कपाटाच्या पायाखाली चेपली होती आणि आतलं रबर फाटून करंट जाळीत, जाळीतून पेटीत आणि तिथून हिरव्या तारेनं पाइपात उतरला होता.

साहेबांना आम्ही बसवलं. एक हात बधिर झाला होता, ओठ निळसर. पण धार आता चांगली जोरात येत होती आणि चिखलात वाहून चालली होती. एवढ्या दिवसांनी आलेलं पाणी, आणि एकही बाई पुढे सरकत नव्हती. घरात पाण्याचा टिपूस नव्हता, तरी मी उतरले नसते.

"आता करंट न्हाई," साहेब म्हणाले. "भरा."

"तुमच्या बोलण्यावर?" गर्दीतून एक बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. "अजून कुणाकुणाच्या तारा हाईत, काय ठावं?"

ते तिला ठाऊक नव्हतं, पण साहेबांना ठाऊक होतं. ज्यांनी दार उघडलं नव्हतं आणि ज्यांनी भरवसा ठेवला नव्हता, ती सगळी घरं त्यांना तोंडपाठ होती. ते उठले. उरलेली स्लीपर काठावर काढून ठेवली आणि अनवाणी चिखलात उतरले. पाइपासमोर थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि तो पाइप दोन्ही हातांनी मुठीत धरला.

"मी धरून उभा हाय," ते म्हणाले. "मला काई झालं तर मागं सरा. तवर भरा."

आम्ही भरलं. एकामागून एक, घागर लावायची, उचलायची, त्यांच्या तोंडाकडे न बघता निघायचं. ते उन्हाळ्यातही हिव भरल्यासारखे कापत होते आणि डोळे त्यांनी एकदाही उघडले नाहीत. कुठल्या घरात कोण केव्हा बटण दाबेल, त्याच्यावर सगळं होतं. शिंदेवहिनी रडत रडत भरत होत्या. शिंदे स्वतः घराघरांत जाऊन मेन स्विच बंद करा म्हणून ओरडत होते.

सुनंदा आपली घागर घेऊन काठावर उभी होती. मी दोनदा तिला पुढे हो म्हटलं. ती हलली नाही. नवऱ्याच्या त्या मुठींवरून तिनं नजर काढली नाही. शेवटच्या बाईची कळशी भरता भरता धार बारीक झाली, करंगळीएवढी झाली, आणि पाइप एक उचकी देऊन बंद पडला.

साहेबांनी डोळे उघडले. "मिळालं का समद्यांला?"

"मिळालं," सुनंदा म्हणाली. "या वर."

"आपलं?"

"भरलं की."

तिनं घागरीवर झाकण ठेवलं, ती कमरेवर घेतली आणि भरल्या घागरीनं वाकतं तशी एका अंगाला वाकून चालू लागली. साहेब एक हात लोंबकळत ठेवून तिच्या मागून निघाले. आमच्या दारावरून जाताना मी त्यांचं बोलणं ऐकलं. ते तिला म्हणत होते, "हळू चाल. सांडंल."